घरची भाजी आणि नाशिकची वाइन, जुळवायचं कसं

वांग्याबरोबर कुठली वाइन घ्यायची असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, वांग्याचं करणार काय? भरीत, काप, भरली वांगी, वांगी-बटाट्याचा रस्सा, भाजी एकच पण चवी चार. वाइन जुळवायची ती फोडणीशी आणि मसाल्याशी. त्यामुळे आधी ताटात काय आहे ते बघायचं, तिखट किती, आंबट किती, गूळ पडलाय का, तेल आणि खोबरं-दाण्याचं कूट किती, एवढं बघितलं की अर्धं काम झालं.

गच्चीवर किंवा परसात भाजी लावणाऱ्यांना यात एक मोठा फायदा आहे, भाजी कोवळी असतानाच तोडता येते. कोवळ्या भाजीला स्वतःची गोडी असते, कडूपणा कमी असतो, त्यामुळे मसाला कमी लागतो, आणि मसाला कमी असला की वाइनची चव जिभेला कळते. वांग्याची साल चकचकीत आहे तोवरच काढा, साल निस्तेज झाली की आत बिया धरल्या म्हणून समजा आणि मग ते कडवट लागणार. भेंडीचं टोक सहज मोडतंय तोवर काढायची, म्हणजे पावसाळ्यात तर एक दिवसाआड झाडाजवळ जावंच लागतं. दोडक्याच्या शिरा मऊ असताना, आणि मेथी पेरल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांनी, फुलावर यायच्या आत. शक्यतो ज्या दिवशी करायची त्याच दिवशी तोडा.

आता वाइनचं बघू. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते, आणि रेड वाइनमध्ये टॅनिन म्हणजे तो कोऱ्या चहासारखा तुरटपणा असतो, तो तिखटाबरोबर आणि कडू चवीबरोबर फार त्रास देतो. म्हणून झणझणीत रस्सा आणि कॅबर्ने सोव्हिन्योंसारखी तुरट रेड ही जोडी टाळाच, तोंड नुसतं जळतं. तिखटाला किंचित गोडसर, थंडगार व्हाइट बरी. पदार्थ आंबट असेल तर वाइनलाही आंबटपणा हवा, नाहीतर ती पाणचट लागते. पदार्थात गूळ असेल तर वाइन निदान तेवढी तरी गोड हवी, कोरडी म्हणजे अजिबात गोड नसलेली घेतली तर उगाच आंबट लागते. एवढे नियम पुरेत, बाकी करून बघायचं.

सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते खानदेशी भरिताबद्दल. वांगं मोठं, हिरवं-पांढरं भरिताचं असेल तर उत्तमच, जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय टॅग म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून मिळणारी सरकारी नोंदसुद्धा आहे, पण कुंडीतलं जांभळं असलं तरी चालतं. सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, त्या चिरांत लसणाच्या पाकळ्या खोचा, तेलाचा हात लावा आणि निखाऱ्यावर किंवा सरळ गॅसच्या आचेवर फिरवत फिरवत भाजा, साल पूर्ण काळी होऊन वांगं खाली बसलं पाहिजे, दांड्याजवळचा भाग शेवटी शिजतो तिकडे लक्ष ठेवा. मग पाच मिनिटं झाकून ठेवा म्हणजे साल सुटते. सोलताना नळाखाली धरू नका!! धुराची सगळी चव पाण्याबरोबर जाते, बोटं ओली करून सोला, थोडे काळे कण राहिले तर राहू देत. हिरव्या मिरच्या आणि लसूण थोड्या तेलात परतून कुटायचा, वांगं त्यात ठेचायचं (मिक्सर नको), मग तेलात शेंगदाणे तळून घ्यायचे, त्याच तेलात बारीक चिरलेली कांद्याची पात दोन मिनिटं परतायची आणि ठेचलेलं वांगं घालायचं. मीठ, भरपूर कोथिंबीर, बास. एरवी चार माणसांना सहा-सात मिरच्या घालत असाल तर वाइनबरोबर खायचं तेव्हा दोन-तीनच घाला, आणि ज्यांना तिखट हवंय त्यांच्यासाठी ठेचा बाजूला ठेवा.

याच्याबरोबर शिराझ. इथे मी रेडच्या बाजूने आहे, कारण धुराची चव आणि शिराझमधला मिरीचा वास एकमेकांना धरून राहतात आणि दाण्याच्या तेलामुळे टॅनिन मऊ वाटतं. कळण्याची भाकरी असेल तर क्या बात. फक्त बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. रेड रूम टेंपरेचरला प्यायची हे थंड देशातलं गणित आहे, तिथली खोली १६-१८ अंशांची आणि आपली एप्रिलात ३५ ची, त्या तापमानाला नुसता अल्कोहोलच नाकात जातो.

पावसाळ्यात अळू माजतं तेव्हा अळूवडी. पानं कोवळी घ्या, मागच्या जाड शिरा लाटण्याने दाबून सपाट करा, बेसनात चिंचेचा कोळ सढळ हाताने घाला म्हणजे घसा खवखवत नाही. चिंच-गूळ-तीळ असं सगळं असल्यामुळे हिला शेनिन ब्लाँ ही व्हाइट, ती जरा गोडसर असते आणि आंबटपणाही राखून असते. नाशिकच्या बऱ्याच वाइनरी ही द्राक्षं लावतात, सुलाची, यॉर्कची सहज मिळते. मला विचाराल तर आपल्या जेवणासाठी एकच बाटली घरात ठेवायची असेल तर हीच ठेवा, कारण आंबट-गोड वरण, भरली वांगी, टोमॅटोचं सार, सगळ्याला चालते.

मेथीची लसूण घातलेली परतून भाजी किंवा मेथीचं पिठलं असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ, हीसुद्धा व्हाइटच, तिच्यात मुळातच हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास असतो, पालेभाजीशी छान जमतं. दुधी किंवा लाल भोपळा ओलं खोबरं घालून केलाय तर व्हिओन्ये, तीही व्हाइट. कोथिंबीर वडी, ओव्याच्या पानांची भजी, वांग्याचे काप असं तळणीचं काही असलं की स्पार्कलिंग, बाटलीवर ब्रूट म्हणजे कोरडी असं लिहिलेली, बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातलं तेल साफ करतात. कारल्याबरोबर, लोणच्याबरोबर आणि ताक-कढीबरोबर मात्र वाइन नकोच, तिथे पाणी प्या.

विकत घेताना लेबलवरचं साल बघा. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते, युरोपसारखी शरदात नाही, त्यामुळे त्याच सालची ताजी व्हाइट वर्ष संपायच्या आत दुकानात येऊ शकते. साधी व्हाइट एक-दोन वर्षांच्या आतलीच घ्या, आणि उन्हात काचेत मांडून ठेवलेली बाटली अजिबात उचलू नका. नाशिकला २००० च्या आसपास सुला सुरू झाली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि त्यानंतर तिथे वाइनरी वाढत गेल्या, आता मध्यम किमतीतसुद्धा चांगले पर्याय आहेत, आपल्याच मातीतलं आहे तर आधी तेच घेऊन बघा असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे.

व्हाइट आणि स्पार्कलिंग फ्रीजमधून काढून सरळ ओता, ग्लास निम्म्याहून कमी भरा, आणि जेवणाबरोबर पाण्याचा तांब्या हवाच. ज्याला गाडी चालवायचीय त्याला आग्रह करू नका.

बाटली उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये, रेडसुद्धा, तीन-चार दिवस टिकते, स्पार्कलिंग मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. त्याहून जुनी रेड झाली तर घरच्या पिकलेल्या टोमॅटोत घाला, लसूण तेलात परतायचा, टोमॅटो चिरून टाकायचे, अर्धी वाटी वाइन, आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत आटवायचं. वाइनचा उग्र वास पूर्ण गेल्याशिवाय गॅस बंद करू नका, आणि चिमूटभर गूळ घालायला विसरू नका.