एका वेळी एकच खोडी: पुरुषांनी आपली ऐट कशी शोधावी

लग्नात आहेर म्हणून आलेली शर्टपीस-पॅन्टपीसची खोकी बहुतेक मराठी घरांत माळ्यावर सापडतात. फिकट निळा, फिकट बदामी, फारच झालं तर बारीक रेघ. देणाऱ्याने घेताना एवढंच पाहिलेलं असतं की कुणाला काही खटकायला नको. आपण ती शिवून घालतो, आणि पुढच्या लग्नात तसलंच खोकं कुणाच्या तरी हातात ठेवतो.

मीही चाळिशीपर्यंत या चक्रातच होतो. मग एकदा सगळं बदलायचं ठरवलं, आणि मामेभावाच्या लग्नात मोहरीच्या रंगाची पॅन्ट, पोपटी शर्ट, वर फुलाफुलांचं जाकीट आणि पायात लाल मोजडी अशा थाटात पोचलो. जेवणाच्या वेळी केटररचा माणूस अदबीने म्हणाला, "बँडवाल्यांची पंगत मागच्या बाजूला आहे." मी गेलो आणि जेवलोही. क्लॅरिनेटवाल्याने शर्ट कुठून घेतला म्हणून चौकशी केली, तेवढीच त्या दिवशीची दाद.

चूक रंगांची नव्हती. चार गमती एकदम केल्यामुळे एकही धड दिसली नव्हती. तेव्हापासून माझा हिशोब ठरला आहे: एका वेळी एकच खोडी, बाकी सगळं सोज्वळ. फियाट या इटालियन मोटार कंपनीचे मालक जियानी अग्नेली मनगटी घड्याळ शर्टाच्या कफवर बांधायचे. सूट मात्र नेटका, माप अचूक, म्हणून ते घड्याळ खोडी वाटायचं. तेच चुरगळलेल्या ढगळ शर्टावर बांधलं असतं तर लोकांनी कफाखाली घालायची आठवण केली असती.

तर सुरुवात खोडीने करायचीच नाही.

आधी माप

कपाटातले सगळे शर्ट पलंगावर काढा आणि एकेक घालून आरशासमोर उभे राहा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरली असेल तर शर्ट कितीही महागाचा असो, तो थोरल्या भावाचा वाटतो. वरचं बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांमध्ये दोन बोटं सहज जावीत. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापाशी थांबावी. बाहेर सोडून घालायचा शर्ट पॅन्टच्या चेनच्या मध्यापर्यंत आला की पुरे, त्याखाली गेला की सदरा होतो.

या चाचणीत एखाददुसराच शर्ट पास होईल. तो जपून ठेवा, कारण इथून पुढे तो तुमचा मापाचा शर्ट. टेलरकडे टेपने घेतलेल्या मापापेक्षा नीट बसणारा जुना शर्ट नेऊन "याच्यासारखा" म्हणणं जास्त खात्रीचं. टेलर टेप लावतो तेव्हा आपण पोट आत घेतो. शर्टाला ते जमत नाही.

बाकीच्यांपैकी जे नुसते ढगळ आहेत ते बाजूने आत घेऊन मिळतात, थोड्या पैशांत काम होतं. खांदा उतरलेला शर्ट मात्र दुरुस्तीच्या भानगडीत न पडता देऊन टाका.

साडीच्या दुकानात जाऊन बसा

हे गमतीने म्हणत नाही. आपल्याला रंग किती माहीत असतात? निळा, काळा, पांढरा, करडा आणि ज्याला आपण "क्रीम" म्हणतो तो. लक्ष्मी रोडवरच्या किंवा दादरला हिंदमाताच्या एखाद्या साडीच्या दुकानात तासभर कान देऊन बसा. अंजिरी, आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, शेवाळी, वांगी. समोरची बाई म्हणते, "डाळिंबी नको, जरा आमसुलीकडे झुकणारा दाखवा," आणि गादीवरचा माणूस न गोंधळता नेमकी घडी उलगडतो. इतकी सूक्ष्म भाषा आपल्या घरात रोज बोलली जाते आणि आपण पिशव्या धरून स्टुलावर मोबाइल बघत असतो.

तिथे बसल्या बसल्या एक काम करा. उलगडलेल्या साड्यांमध्ये काठ आणि अंगाचा रंग यांच्या जोड्या बघा आणि आवडलेल्या तीन जोड्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा. विणकरांनी पिढ्यान् पिढ्या पारखलेली रंगसंगती आहे ती. आमसुली अंगाला मोहरी काठ डोळ्यांना बरा वाटला, तर आमसुली शर्टावर मोहरी रंगाचा रुमाल किंवा मोजा बरा वाटणारच.

आफ्रिकेतल्या दोन्ही काँगो देशांत, ब्राझाव्हिल आणि किन्शासा या त्यांच्या राजधान्यांत, सापूर म्हणून ओळखले जाणारे शौकीन पुरुष आहेत. धुळीच्या गल्लीतून गुलाबी सूट घालून, छडी फिरवत चालतात. इतक्या भडक लोकांचाही एक दंडक असा, की एका वेळी तीनपेक्षा जास्त रंग अंगावर नकोत. मला तो फार उपयोगी पडला. मामेभावाच्या लग्नातले माझे रंग नंतर फोटोत मोजले, तर सात भरले.

जोडी जमली की नाही कळत नसेल तर आरशातला फोटो काढून तो मोबाइलवर कृष्णधवल करा. शर्ट आणि पॅन्ट दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर रंग वेगळे असूनही अंगावर सगळं सपाट दिसेल. एक गडद, एक फिकट दिसायला हवं.

पहिली खोडी लपवा

सुरुवातीला कुणाला न दिसणारी खोडी करायची. ऑफिसच्या पांढऱ्या शर्टाचं सगळ्यांत खालचं बटण, जे पॅन्टमध्ये जातं, ते लाल लावा. किंवा कॉलरच्या आतल्या पट्टीला ठिपक्यांचं कापड. दिवसभर मीटिंगमध्ये बसून आपल्यालाच माहीत असलेली ती गोष्ट चेहऱ्यावर जरा वेगळा भाव आणते.

बटणांसाठी पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा, मुंबईत भुलेश्वरला. नारळाच्या करवंटीची, शिंपल्याची, पितळेची, नुसत्या बरण्याच्या बरण्या. जाताना जुनं बटण खिशात ठेवा, कारण नवं बटण आकाराने मोठं निघालं तर काजातून जात नाही, आणि मग काजंही उसवून करावी लागतात. महिनाभराने खोडी थोडी वर सरकवा: वरून दुसरं काज रंगीत दोऱ्याचं. हे समोरच्याला दिसतं, पण आपण काय पाहिलं हे त्याला चटकन सांगता येत नाही. माझ्या मते सगळ्यांत मजेची पायरी हीच.

खणाचा शर्ट

आता उघड खोडी. आईच्या कपाटात खणाचं एक न शिवलेलं कापड होतं, गर्द हिरवं, लाल काठाचं, बारीक नक्षीचं. खण मुळात कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तिथून तो आपल्याकडे चोळीला आला आणि देवीच्या ओटीत जाऊन बसला. आईला विचारलं तर म्हणाली, "ओटीचं नाहीये ते, ने. पण फाडू नको उगाच." हे विचारणं महत्त्वाचं आहे. ओटीत आलेलं कापड परस्पर टेलरकडे नेऊ नका.

टेलरकाकांनी कापड काउंटरवर पसरलं.

"लेडीज आहे हे."

"माहितेय काका. शर्ट शिवायचाय."

"कोणाला?"

"मला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मग माझ्या मागे कुणी उभं आहे का तेही पाहिलं. "हाफ की फुल?" असं विचारलं तेव्हा मी अर्धी लढाई जिंकलो होतो. आणि मग एक गंमत झाली. रोज तेच निळे शर्ट बेतणारा तो माणूस कापडात गुंतला. काठ बोटांत धरून कधी बटणपट्टीवर ठेवून बघ, कधी खिशावर. म्हणाले, "बटणपट्टीला काठ घेतला तर बँडवाला दिसशील." (मी दचकलो. त्या लग्नाबद्दल यांना कुणी सांगितलं?) "काठ कफला आतून घेतो. बाही दुमडलीस की दिसेल. नाही दुमडलीस तर तुझा तुला."

तुम्हाला करायचं असेल तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. खणाचा पन्हा शर्टाच्या कापडापेक्षा बराच लहान असतो. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात दीड-पावणेदोन मीटरमध्ये शर्ट होतो, तेवढंच खणाचं नेलंत तर जाकीटसुद्धा होणार नाही. किती लागेल ते पन्हा सांगून टेलरकडूनच आधी ठरवा. दुसरी धुण्याची. शिवण्याआधी कापड गार पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती सूत आटतं आणि गडद रंग पहिल्या पाण्यात सुटतो. शिवल्यावर आटलं तर तो शर्ट पुतण्याचा. तिसरी साधेपणाची. कापडच नक्षीदार असेल तर खिसा एक, कॉलर साधी, बटणं कापडाच्या रंगाची. खाली राखाडी किंवा खाकी पॅन्ट.

खण नको असेल तर सोलापुरी चादरीचा जाड विणीचा शर्ट हिवाळ्यात जाकिटासारखा घालता येतो. गोव्याच्या कुणबी साडीच्या लाल चौकड्या तर शर्टावर इतक्या चपखल बसतात की पुरुषांसाठीच विणल्या असाव्यात असं वाटतं. आणि माळ्यावरची ती आहेराची खोकी? तीही काढा. फिकट बदामी शर्टपीसला आतून एखादं भन्नाट अस्तरपट्टीचं कापड लावलं, की देणाऱ्या काकांनाही चालतं आणि आपल्यालाही.

पायात

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे एकच गदारोळ झाला. पुढे कंपनीने त्यांमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. हे सगळं मी मोबाइलवर तावातावाने इतरांना पाठवत होतो, तेव्हा माझ्या पायात चिनी बनावटीचे स्पोर्ट शूज होते.

दुसऱ्याच आठवड्यात कोल्हापुरी घेतली. घेताना संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाचं माप खरं. चपलेचे बाजूचे कान आणि वरची चामड्याची वेणी हाताने ओढून पाहा, शिवण चामड्याच्याच वादीची आहे का बघा. नवी चप्पल चावते. अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून तेल लावून रात्रभर ठेवा आणि पहिले चार दिवस घरातच घाला. करकर वाजणारी हवी असेल तर तसं दुकानदाराला सांगावं लागतं, आणि ती ऑफिसात घालण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा स्वभाव बघून घ्यावा. चप्पल ही त्या दिवसाची खोडी असेल तर शर्ट पांढरा.

डोक्यावरचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते जमलेलं नाही. जुन्या फोटोंत पगडी, पागोटं, फेटा, टोपी पाहून माणसाचा गाव, धंदा आणि जातसुद्धा ओळखता यायची. तिथे खेळ कमी आणि हुकूम जास्त होता. आज आपल्याला हवं ते डोक्यावर घेता येतं, तर लग्नातला भाड्याचा तयार फेटा सोडून कुणी काही घेत नाही. ज्यांना टोपी शोभते त्यांचा मला हेवा वाटतो.

बाहेर कधी पडायचं

नवी गोष्ट थेट समारंभाला घालू नका. आधी भाजी आणायला जा. मग शुक्रवारी ऑफिसला. मग कुणाच्या तरी घरी जेवायला. पहिल्यांदा घालाल तेव्हा प्रत्येक खिडकीच्या काचेत स्वतःला बघाल. दुसऱ्यांदा कुणीतरी "आज काय विशेष?" विचारेल, त्याला "काही नाही, धुतलेला हाच होता" एवढं उत्तर बास. कापडाचा इतिहास सांगत बसू नका, मी सांगतो आणि लोक घड्याळ बघतात. तिसऱ्यांदा घातलं आणि दुपारपर्यंत आपण काय घातलंय हे विसरलात, तर ते तुमचं झालं. तिसऱ्यांदाही सारखा हात कॉलरशी जात असेल तर भावाला देऊन टाका. मोहरी पॅन्ट माझ्याकडून अशीच गेली. त्याला ती शोभते, हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

घरच्यांच्या शेऱ्यांचं काय करायचं? बायको "हे घालून माझ्याबरोबर येणार?" म्हणाली तर विचार करा. सासूबाई "छान आहे हो" म्हणाल्या तर जास्त विचार करा.

पावसाळ्यात मात्र हा सगळा कारभार आवरता घ्यावा लागतो. कोल्हापुरी भिजली की चामडं फुगतं. ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. खणाचा शर्टही चिखलाच्या शिंतोड्यांना सहन होत नाही. जून ते सप्टेंबर मी काळी पॅन्ट आणि साधा शर्ट घालतो आणि खोडी छत्रीवर ढकलतो. सध्याची गुलबक्षी आहे. ऑफिसच्या दारातल्या बादलीत पंचवीस काळ्या छत्र्यांमध्ये ती उभी असते आणि आजवर एकदाही बदलून गेलेली नाही.