फ्रीहोल्डर बेपत्ता असताना इमारत कशी विकत घेतली: माझा अनुभव

लंडनमधल्या आमच्या इमारतीचा फ्रीहोल्डर, म्हणजे इमारतीचा आणि जमिनीचा मूळ मालक, सापडत नव्हता. आमचे फ्लॅट लीजहोल्डचे, म्हणजे त्याच्याकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेले. लँड रजिस्ट्रीतल्या (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीतल्या) पत्त्यावरची पत्रं परत आली, माग काढणाऱ्या एजंटलाही काही लागलं नाही. इमारत विकत घ्यायची नोटीस बजावायची कुणावर? जीव मेटाकुटीला आला.

मार्ग निघाला १९९३ च्या लीजहोल्ड कायद्यातल्या कलम २६ मुळे: मालक सापडत नसेल तर कोर्टामार्फत खरेदी करता येते. आधी निम्म्याहून जास्त फ्लॅटधारक एकत्र आलो आणि खरेदीसाठी कंपनी काढली. मग शोधाचा प्रत्येक पुरावा, परत आलेल्या पाकिटांसकट, जोडून काउंटी कोर्टात अर्ज केला. ही पाकिटं फेकू नका. सगळं त्यांवरच अडतं. कोर्टाने आदेश दिल्यावर आमच्या सर्व्हेयरचा मूल्यांकन अहवाल पाहून ट्रायब्यूनलने (मालमत्तेचे प्रश्न पाहणाऱ्या न्यायाधिकरणाने) किंमत ठरवली. रक्कम कोर्टात भरली, कोर्टातर्फे हस्तांतरणावर सही झाली, आणि शेवटी लँड रजिस्ट्रीत कंपनीचं नाव लागलं.