यूट्यूब म्युझिकवर अपलोड केलेली गाणी साफ करून लायब्ररी नव्याने कशी लावावी

यूट्यूब म्युझिकवर आपल्याकडची गाणीही अपलोड करता येतात, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक लाख गाण्यांपर्यंत जागा मिळते, पैसे लागत नाहीत, आणि ही आपली गाणी जाहिरातींशिवाय, मोबाईलची स्क्रीन बंद असतानाही वाजतात. त्यासाठी प्रीमियम घ्यावं लागत नाही. कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, आजीच्या आवाजातल्या ओव्या असं काही ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक बंद झालं, तेव्हा अनेकांनी तिथली गाणीही इकडेच हलवली.

अडचण एकच आहे, पण चांगलीच त्रासदायक. एकदा अपलोड केलेल्या गाण्याचं नाव, गायक, अल्बम यातलं काहीही यूट्यूब म्युझिकमध्ये बदलता येत नाही. फाईलच्या आत जे लिहिलेलं होतं, तेच कायम राहतं. मग कलाकारांच्या यादीत सुधीर फडके चार ठिकाणी दिसतात: रोमन लिपीत पीएचने लिहिलेले, एफने लिहिलेले, देवनागरीत आणि कुठे नुसतेच ‘बाबूजी’. एका चित्रपटाच्या सहा गाण्यांचे सहा अल्बम होतात. गाण्याच्या नावामागे कुठल्या तरी डाउनलोड साईटचं शेपूट लटकत राहतं. यावर उपाय म्हणजे गाणं काढायचं, फाईल दुरुस्त करायची आणि पुन्हा अपलोड करायची. गोंधळ दहा-वीस गाण्यांपुरता असेल तर तेवढंच करा. लायब्ररीत त्या अल्बमच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की डिलीटचा पर्याय येतो. पण निम्म्याहून अधिक लायब्ररी अशी असेल, तर सगळं पुसून नव्याने मांडणं कमी कष्टाचं आहे.

मात्र पुसण्याचं काम सगळ्यात आधी करायचं नाही. आधी सगळं घरी आणायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं, आणि मगच पुसायचं. इथे डिलीट केलेलं परत मिळत नाही. चित्रपटगीत पुन्हा कुठूनही मिळेल. आजीची ओवी मिळणार नाही.

पायरी १: सगळी गाणी घरी आणा

मूळ फायली संगणकावर किंवा जुन्या हार्ड डिस्कवर असतील तर उत्तम. नसतील, किंवा सगळ्या आहेत की नाही याची खात्री नसेल, तर गूगल टेकआउट वापरा, म्हणजे गूगलकडे असलेला आपला डेटा उतरवून घेण्याची गूगलचीच सोय. संगणकावर टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम उघडा. तिथे सगळ्या सेवांवर आधीच टिक असते, म्हणून ‘डीसिलेक्ट ऑल’ करा आणि खाली जाऊन फक्त ‘यूट्यूब अँड यूट्यूब म्युझिक’ निवडा. त्याच्याखालच्या ‘ऑल यूट्यूब डेटा इन्क्लुडेड’ या बटणावर क्लिक केल्यावर यादी उघडते. तिच्यात संगीताशी संबंधित गोष्टी आणि प्लेलिस्ट एवढंच ठेवा, नाहीतर तुमचे व्हिडिओ आणि पाहण्याचा इतिहासही सोबत येऊन फायलीचा आकार उगाच फुगतो.

पुढच्या पानावर झिप फाईलचा, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेल्या गाठोड्याचा, आकार विचारतात. ५० जीबीपर्यंतचे लहान-मोठे तुकडे करता येतात. घरचं इंटरनेट मध्येच तुटत असेल तर लहान तुकडे बरे. तुटलं तरी एकच तुकडा पुन्हा उतरवावा लागतो. फायली तयार झाल्या की ईमेल येते. त्याला काही तास लागतात, लायब्ररी मोठी असेल तर त्याहूनही जास्त. ईमेलमधली लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा ईमेल आली की लगेच उतरवून घ्या.

विंडोजवर झिप उघडताना एक काळजी घ्या. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांसकट फाईलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या आत असावा लागतो, आणि टेकआउटचे एकात एक फोल्डर लांबलचक नावांचे असतात. त्यात गाण्याचंही नाव मोठं असेल, तर ती फाईल उघडताना अडकते. म्हणून झिप डाउनलोड्स फोल्डरमध्ये न उघडता डी ड्राइव्हवर ‘गाणी’ असा एक छोट्या नावाचा फोल्डर करून त्यात उघडा. देवनागरी नावं विचित्र चिन्हांत दिसली तर ७-झिप या मोफत प्रोग्रॅमने उघडून पाहा.

पायरी २: आलं ते खरंच आलं का?

फोल्डरमधल्या फायलींची संख्या लायब्ररीतल्या गाण्यांशी ढोबळमानाने ताडून पाहा. मग इथून-तिथून काही गाणी वाजवा. मधूनच उडतात का, अर्ध्यावर संपतात का, हे कळतं. जी ध्वनिमुद्रणं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, ती मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. वेळ जातो, जाऊ द्या.

मग या फोल्डरच्या दोन प्रती करा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिला हात लावायचा नाही. दुसरी संगणकावर, पुढची सगळी कामं हिच्यावर. घरगुती ध्वनिमुद्रणं एखाद्या भावंडाकडेही द्या. हार्ड डिस्क कधी बंद पडेल ते सांगून पडत नाही.

प्लेलिस्टचं वेगळं आहे. टेकआउटमधून प्लेलिस्ट मिळते खरी, पण त्या फायलीत गाण्यांची नावं नसतात, यूट्यूबचे आतले क्रमांक असतात. माणसाने वाचून काही कळत नाही. आणि अपलोड केलेलं गाणं डिलीट झालं की ते प्लेलिस्टमधूनही जातं, पुन्हा अपलोड केल्यावर आपोआप परत येत नाही. ज्या प्लेलिस्ट तुम्ही मनापासून लावल्या आहेत, त्यांचे सरळ स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पायरी ३: गाण्यांची माहिती दुरुस्त करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण नव्या लायब्ररीचं रूप इथेच ठरतं. विंडोजवर एमपीथ्री-टॅग हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे; लिनक्सवर किड-थ्री चालतो. फोल्डर उघडला की प्रत्येक गाणं एका ओळीत दिसतं आणि डाव्या बाजूला टायटल, आर्टिस्ट, अल्बम वगैरे रकाने असतात. पन्नास गाणी एकदम निवडून आर्टिस्टच्या रकान्यात एकदाच नाव लिहिलं आणि सेव्ह केलं, की पन्नासही गाण्यांत ते जातं. डाउनलोड साईटचं शेपूट काढायला ‘ॲक्शन्स’मध्ये ‘रिप्लेस’ची सोय आहे: नको असलेला मजकूर एकदा सांगायचा, हजारो नावांतून तो निघून जातो.

काम सुरू करण्याआधी एक सेटिंग बघून घ्या. एमपीथ्री फाईलमध्ये माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती असतात. त्यातल्या जुन्या पद्धतीत गाण्याच्या नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा असते आणि देवनागरी नीट बसतच नाही. अर्धवट तुटलेली नावं आणि प्रश्नचिन्हांच्या रांगा बहुतेक वेळा तिथूनच येतात. एमपीथ्री-टॅगच्या ऑप्शन्समध्ये टॅग्ज, त्यात एमपेग इथे जा, लिहिण्यासाठी आयडीथ्री-व्ही-२.३ यूटीएफ-१६ निवडा आणि जुना आयडीथ्री-व्ही-१ काढून टाकायला सांगा.

आता नावं. लिपी एकच ठेवा. काही गाणी रोमनमध्ये आणि काही देवनागरीत असली की यादीतही ती दोन टोकांना जातात आणि शोधतानाही निम्मी निसटतात. माझं मत देवनागरीच्या बाजूचं आहे. मोबाईलवर मराठी टंकणं आता सोपं झालंय आणि आपली गाणी आपल्या लिपीत दिसावीत. पण गाडीतल्या स्टिरिओवर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दिसत असतील आणि तुम्ही बहुतेक गाणी गाडीतच ऐकत असाल, तर रोमन ठेवा. मात्र एका नावाचं एकच स्पेलिंग. ‘पं.’, ‘पंडित’ आणि बिनबिरुदाचे भीमसेन जोशी हे यूट्यूब म्युझिकच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत.

अल्बम फुटतात ते बहुधा ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा राहिल्यामुळे. चित्रपटात चार गायक असतात, आणि प्रत्येक गाण्याचा आर्टिस्ट वेगळा दिसला की प्रोग्रॅम त्याचे वेगळे अल्बम करतो. त्या चित्रपटाची सगळी गाणी निवडा आणि अल्बम आर्टिस्टमध्ये सगळ्यांना एकच नाव द्या. संगीतकाराचं द्या, नाहीतर ‘विविध कलाकार’ लिहा. आर्टिस्टमध्ये त्या त्या गाण्याचा गायक राहू द्या. नाट्यपदांसाठी नाटकाचं नाव अल्बममध्ये, गायकाचं आर्टिस्टमध्ये असं ठेवलं की एकाच पदाच्या दोन गायकांच्या चिजा शेजारी शेजारी येतात.

घरगुती ध्वनिमुद्रणांत आर्टिस्ट म्हणून ‘आजी’ एवढंच लिहू नका. पूर्ण नाव लिहा. अल्बमच्या नावात गाव आणि वर्ष घाला, निदान ‘१९८५च्या सुमारास’ एवढं तरी. तुमच्या नातवंडांसाठी ती आजी नसेल, पणजीची आई असेल.

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड नावाचा मोफत प्रोग्रॅम गाणं ‘ऐकून’ ओळखतो आणि माहिती आपोआप भरतो. गाजलेल्या हिंदी चित्रपटगीतांना आणि इंग्रजी गाण्यांना तो उपयोगी पडतो. जुन्या मराठी रेकॉर्डिंगच्या बाबतीत मात्र तो सुचवेल ते वाचल्याशिवाय सेव्ह करू नका. मूळ अल्बमऐवजी नंतर आलेल्या एखाद्या संकलनाचं नाव चिकटवून मोकळा होतो.

दुबार गाणी शोधायला डुप-गुरू हा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात संगीतासाठी वेगळा पर्याय आहे. दोन प्रतींतली कोणती ठेवायची हे नुसत्या आकड्यावरून ठरवू नका. केबीपीएस म्हणजे आवाजाच्या प्रत्येक सेकंदाला फाईलमध्ये किती माहिती आहे त्याचं माप. १२८ केबीपीएसची फाईल कुणीतरी ३२० केबीपीएसमध्ये बदलली, तर आकार वाढतो, आवाज सुधारत नाही. हेडफोन लावून दोन्ही ऐका. शास्त्रीय संगीतात तर याहून जास्त सांभाळा. एकाच गायकाचा तोच राग, तीच बंदिश, पण मैफल वेगळी असेल तर ती दुबार प्रत नव्हे. लांबी बघा, तबल्याची साथ ऐका, आणि वेगळ्या निघाल्या तर ठिकाण किंवा वर्ष नावातच लिहा, म्हणजे पुढच्या सफाईत एकीचा बळी जाणार नाही.

पायरी ४: आता पुसा

संगणकावर म्युझिक डॉट यूट्यूब डॉट कॉम उघडा. उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर क्लिक करून नेमकं कोणतं गूगल खातं उघडं आहे ते बघा. घरात दोन-तीन खाती एकाच ब्राउझरवर असतात, आणि मुलीची लायब्ररी पुसली जायला एक क्लिक पुरतो. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात जा. अपलोड केलेली सगळी गाणी एकदम डिलीट करण्याचा पर्याय तिथे आहे.

यात फक्त तुम्ही अपलोड केलेली गाणी जातात. यूट्यूब म्युझिकच्याच भांडारातून तुम्ही लायब्ररीत जोडलेले अल्बम आणि लाइक केलेली गाणी जागेवर राहतात. ‘लाइक्ड म्युझिक’मध्ये यूट्यूबवर कधीतरी लाइक केलेले लग्नाच्या बँडचे व्हिडिओ घुसले असतील, तर यूट्यूबवरचं लाइक केलेलं संगीत दाखवायचं की नाही याचं वेगळं बटण सेटिंग्जमध्ये आहे. ते बंद करा.

डिलीट केल्यावर जुनी नावं मोबाईलवर काही काळ दिसत राहतात. ॲपच्या सेटिंग्जमधून डाउनलोड केलेली गाणी काढा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन यूट्यूब म्युझिकची कॅश, म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती, साफ करा. लायब्ररी रिकामी दिसेपर्यंत नवं काही अपलोड करू नका, नाहीतर जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळेनासं होतं.

सुचवली जाणारी गाणीही नव्याने सुरू करायची असतील तर इतिहास पुसावा लागतो. पण यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिकचा इतिहास एकच आहे. इकडे सगळा पुसला की यूट्यूबवरच्या शिफारशीही बदलतात. घरच्या लहानग्यासाठी लावलेली बडबडगीतं तेवढी शोधून एकेक काढणं जास्त शहाणपणाचं.

पायरी ५: पुन्हा अपलोड करा

पहिल्यांदा एकच अल्बम अपलोड करा, तोही वेगवेगळ्या गायकांचा. फोटोवर क्लिक केल्यावर ‘अपलोड म्युझिक’ दिसतं. फायली ओढून पानावर सोडल्या तरी चालतं. एमपीथ्री, एमफोरए, फ्लॅक, ओजीजी आणि डब्ल्यूएमए या प्रकारच्या फायली चालतात. हे काम संगणकावरच्या ब्राउझरमधूनच होतं, मोबाईल ॲपमधून होत नाही. अपलोड झाल्यावर लायब्ररीत ‘अपलोड्स’ निवडून अल्बम एकसंध आला का, देवनागरी नीट उमटली का, चित्र दिसतं का, हे बघा. काही चुकलं असेल तर ते या टप्प्यावर कळलेलं बरं.

मग बाकीचं, दोनेकशे गाण्यांच्या गटांनी. चार मिनिटांचं ३२० केबीपीएसचं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास भरतं, म्हणजे हजार गाण्यांना जवळपास १० जीबी लागतात. मोबाईल डेटावर हे करू नका. ब्राउझरचा टॅब उघडा ठेवा आणि संगणक आपोआप झोपणार नाही असं सेटिंग करून ठेवा. एक गट लायब्ररीत दिसला की त्याचा फोल्डर ‘झालेली’ या फोल्डरमध्ये हलवा. मध्येच वीज गेली तरी कुठपर्यंत आलो होतो ते लगेच समजतं.

शेवटी स्क्रीनशॉट समोर ठेवून प्लेलिस्ट पुन्हा लावा. दुरुस्त केलेला पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर जुन्याच्या शेजारी कॉपी करा, आणि नवीन लायब्ररी महिनाभर ऐकून होईपर्यंत जुना काढू नका. यापुढे येणारं प्रत्येक गाणं आधी त्या फोल्डरमध्ये जाईल, तिथे त्याची नावं नीट होतील आणि मग अपलोड होईल.