साऊथ फिलीतला डिसेंबर: नवीन आलेल्यांसाठी थोडं सविस्तर

दरवर्षी नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात आलेल्या कुणा ना कुणा मराठी मुलीचा फोन येतो, ताई इथे साडेचारलाच अंधार पडतोय, नवरा ऑफिसात, दिवाळी तर होऊन गेली, आता मार्चपर्यंत करायचं काय. फोनवर जे सांगते तेच इथे एकदा नीट लिहून ठेवते. मी 11 वर्षं साऊथ फिलीत राहतेय त्यामुळे याच भागाचं सांगणार, म्हणजे साऊथ स्ट्रीटपासून खाली, ब्रॉड स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना ज्या विटांच्या, एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या गल्ल्या आहेत ना, तो भाग. सेंटर सिटीतलं, म्हणजे शहराच्या मध्यभागातलं, लव्ह पार्कजवळचं ख्रिसमस व्हिलेज तुम्हाला कुणीही दाखवेल, छान आहे, एकदा जाऊन या, फिरायला पैसे पडत नाहीत. पण माणसं भेटायची असतील तर गल्लीत या.

आणि येताना एक लक्षात ठेवा, नुसतं बघून फोटो काढून परत जाऊ नका, काहीतरी काम मागा. गावाकडे गणपतीत आपण मंडळाचे कधी झालो? आरती बघून नाही झालो, खुर्च्या लावल्या, पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलो तेव्हा झालो. इथेही अगदी तेच आहे, हे मला समजायला दोन हिवाळे गेले.

सुरुवात 13व्या स्ट्रीटपासून करा. टास्कर आणि मॉरिस या दोन रस्त्यांच्या मधला साऊथ 13व्या स्ट्रीटचा तुकडा, नंबर 1600 पासून पुढे, तिथले रहिवासी दरवर्षी सगळी गल्ली दिव्यांनी सजवतात, ‘मिरॅकल ऑन साऊथ 13थ स्ट्रीट’ म्हणतात त्याला. या घरच्या वरच्या खिडकीतून समोरच्या घरच्या खिडकीपर्यंत माळा, डोक्यावर दिव्यांचं छतच होतं. थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होतं ते नवीन वर्षापर्यंत. ब्रॉड स्ट्रीट लाइनने टास्कर-मॉरिस स्टेशनला उतरा, तिथून पाच मिनिटं चालत. गाडी अजिबात आणू नका, लोकांना स्वतःच्या दारात पार्किंग मिळत नाही डिसेंबरभर. शनिवारी संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नसते, त्यापेक्षा मंगळवार-बुधवारी या, त्या दिवशी पायऱ्यांवर बसलेल्या माणसांशी बोलता येतं. इथली दारापुढची पायरी म्हणजे आपला ओटाच समजा, उन्हाळा-हिवाळा सगळ्या गप्पा तिथेच.

मग आपल्या स्वतःच्या गल्लीत बघा. फिलाडेल्फियात ब्लॉक कॅप्टन असतो, रहिवाशांमधलाच एकजण, गल्लीची साफसफाई, सण, रस्ता बंद करायची परवानगी हे सगळं तो किंवा ती बघते. तुमच्या ब्लॉकला आहे का ते शेजारी विचारा. आमच्या पलीकडच्या दारच्या आजीच कॅप्टन होत्या. दुसऱ्या वर्षी त्या थंडीत शिडीवर चढून माळ लावायला निघाल्या होत्या, मला बघवेना, मी जाऊन शिडी धरली. तासभर धरली. बोलल्या काही नाहीत फारसं, फक्त शेवटी माळेचं टोक हातात देऊन म्हणाल्या, हे समोर लावायला हुक हवा, तुझ्या खिडकीला मारू का. भाड्याचं घर, घरमालकाला विचारलं, तो हो म्हणाला, आणि आजींनीच हातोडी आणून हुक मारला. पुढच्या दिवाळीत मी त्याच हुकाला आकाशकंदील लावला, आणि दिवाळी झाल्यावर काढायला गेले तर आजी खालून ओरडल्या, राहू दे, न्यू इयरपर्यंत राहू दे. तेव्हापासून आमच्या गल्लीच्या माळेत कंदील असतोच.

खाण्याचं सांगते, कारण कोकणातल्या माणसाला इथे डिसेंबरात घरी आल्यासारखं वाटेल. 9व्या स्ट्रीटवरच्या इटालियन मार्केटमध्ये 21-22 तारखेला सकाळी जा. इटालियन घरांतून ख्रिसमसच्या आदल्या रात्री मटण-चिकन नसतं, सात प्रकारचे मासे करतात, त्यामुळे मासळीच्या दुकानांत नुसती झुंबड असते, माकुल, कोळंबी, तिसऱ्या, आणि बाकाला म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. त्याचे फळीसारखे कडक तुकडे हातात घेतले, वास आला, आणि मला एकदम गुहागरचं सुक्या मासळीचं पडवीतलं पिंप आठवलं. तो दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, म्हणून 24ला आणून 24ला शिजवायचं मनात आणू नका, खारटढाण होतो. रांगेतल्या बायकांना कसा करायचा ते विचारा, प्रत्येकीची पद्धत वेगळी आणि प्रत्येक जण अगदी हट्टाने सांगते. गोडासाठी 8व्या स्ट्रीटवरचं टर्मिनी ब्रदर्स, 1921 पासूनचं दुकान आहे, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कॅनोलीसाठी, म्हणजे आत गोड चीज भरलेल्या तळलेल्या नळ्यांसाठी, रांग पार रस्त्यावर येते. मी तर त्या रांगेसाठीच जाते, कडकडीत थंडीत उभी असलेली माणसं फार मोकळी बोलतात.

शाकाहारी असाल तर एक सांगून ठेवते. इथे मेक्सिकन वस्ती मोठी आहे, बरीचशी प्वेब्ला भागातली, 12 डिसेंबरला ग्वादालुपेच्या माउलीचा, म्हणजे मेरीचा दिवस आणि 16 ते 24 पोसादा, म्हणजे मेरी-जोसेफला रात्रीचा आसरा मागत दारोदार जायचं, गाणी म्हणायची आणि शेवटच्या घरी सगळ्यांनी खायचं. बोलावलं तर नक्की जा. पण मिरची-चीजच्या तमालेतसुद्धा (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) पिठात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, ‘मान्तेका आहे का’ असं सरळ विचारा, कुणी वाईट मानत नाही.

मुलं असतील तर कॅथरीन स्ट्रीटवरचं फ्लायशर आर्ट मेमोरियल पाहून ठेवा. 1898 पासून तिथे कुणालाही परवडेल अशा पद्धतीने चित्रकला, माती, छपाई शिकवतात. माझी मुलगी तिथे मातीकाम शिकली, इंग्रजी अडखळत होतं तेव्हासुद्धा हात चालत होते. जागा लवकर भरतात, जानेवारीच्या बॅचची चौकशी डिसेंबरातच करा.

आता 1 जानेवारी. मला विचाराल तर सगळ्या सीझनमधलं हेच सगळ्यात मोठं, ममर्स परेड, म्हणजे सोंगाड्यांची मिरवणूक. अधिकृतपणे 1901 पासून, पण मूळ त्याच्याही आधीचं, नवीन वर्षाला सोंगं घेऊन घरोघर जायचं, गाणी म्हणायची, खाऊपिऊ घ्यायचं. म्हणजे आपल्या शिमग्याचे खेळेच की! कॉमिक (विनोदी सोंगं), वेंच ब्रिगेड (बायकी झगे घातलेली पथकं), फॅन्सी (भरजरी पोशाखवाले), स्ट्रिंग बँड (वाद्यवाले) असे त्यांचे प्रकार, सिटी हॉलपाशी परीक्षकांसमोर सादर करून ब्रॉड स्ट्रीटने खाली वॉशिंग्टन ॲव्हेन्यूपर्यंत येतात. स्ट्रिंग बँड चुकवू नका. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन चालत नाहीत, बँजो, सॅक्सोफोन, ॲकॉर्डियन, ड्रम, आणि अंगावर पिसांचा एवढा मोठा पोशाख. बँजो म्हटल्यावर आपल्या मिरवणुकीतली बँजो पार्टी डोळ्यांसमोर येईल, पण तो बटणांचा, हा तारा छेडून वाजवायचा, तरी सगळे बँजो एकदम सुरू झाले की छातीत तेच होतं जे ताशाने होतं. परेडमधली ही पथकं क्लबांची असतात, त्या क्लबांची घरं 2ऱ्या स्ट्रीटवर आहेत, वर्षभर तिथे कपडे शिवणं, तालमी, बाप आणि मुलगा एकाच बँडमध्ये. वॉशिंग्टन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर त्यांचं म्युझियम आहे, परेडआधी बघून घेतलंत तर सगळं नीट समजेल.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. या परेडमध्ये तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायची चाल होती, 1964मध्ये त्यावर बंदी आली, नंतरही अधूनमधून असे प्रकार झालेच. आणि परेडचं लाडकं गाणं ‘गोल्डन स्लिपर्स’ लिहिणारे जेम्स ब्लँड स्वतः कृष्णवर्णीय होते. माझी एक जिवलग मैत्रीण याच कारणाने परेडला येत नाही, आणि मी तिला चल म्हणत नाही. तुम्हीही शेजाऱ्यांना आग्रह करू नका.

जाताना थर्मल, दोन जोड मोजे, थर्मासमध्ये चहा आणि घडीची खुर्ची घ्या, सकाळी नऊच्या आसपास सुरू होतं ते दुपार उलटून जाते. वारा फार असला की पिसांमुळे वेळापत्रक बदलतं, निघण्याआधी बातम्या बघा. मुलं थकली तर घरी नेऊन संध्याकाळी 2ऱ्या स्ट्रीटवर परत या, परेड संपल्यावर बँड तिथे आपल्या माणसांसाठी वाजवत चालतात, परीक्षक नाहीत, दोरी नाही. गर्दी आणि दारू दोन्ही असतं, म्हणून फार उशीर करू नका आणि मुलांचा हात सोडू नका. कुणीतरी छोटी छत्री हातात देईल, ती वर धरून त्यांच्यासारखं डुलत चालायचं, घ्या ती, लाजू नका, आणि चहा जास्तीचा नेला असेल तर शेजारी उभ्या असलेल्याला ओतून द्या.