मुलाला फोटोवरून धमकी आली, तर पालकांनी काय करावे

रात्री जेवताना ताटाशेजारी पालथा ठेवलेला फोन सारखा थरथरत असतो आणि मुलगा हातातला घास तसाच ठेवून उठतो. आठ दिवसांपूर्वी इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या ‘मुलीने’ गोड बोलून त्याच्याकडून खासगी फोटो मिळवलेला असतो आणि आता निरोप येत असतात, "दहा मिनिटांत पाच हजार पाठव, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना फोटो जाईल." कित्येकदा, विशेषतः मुलींच्या बाबतीत, असा फोटो कधी काढलेलाच नसतो, साध्या फोटोवरून तो बनावट तयार केलेला असतो.

मूल घरी सांगणार नाही, या एका खात्रीवर धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा चालतो. म्हणून खरी तयारी संकट येण्याआधीची आहे. मुलाच्या हाती फोन देतानाच, "तुझ्या हातून काहीही चुकले तरी आधी मला सांग, मी फोन काढून घेणार नाही," असे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तो शब्द पाळावा. फोन जाईल या भीतीने गप्प राहिलेली मुले एकट्यानेच पैसे भरत राहतात, असे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते.

मुलाने सांगितल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पैसे देऊ नयेत, कारण एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते. घाबरून चॅट किंवा खाते डिलीट करण्याची घाईही करू नये, त्याने पुरावाच नष्ट होतो. धमकीचे निरोप, समोरच्याचे युजरनेम, प्रोफाइलची लिंक, पैसे मागितलेला यूपीआय आयडी किंवा फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल अशा रीतीने घ्यावेत आणि त्यानंतरच ते खाते रिपोर्ट करून ब्लॉक करावे. मूळ फोटो मात्र पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नये, नातेवाइकांना किंवा शिक्षकांना तर मुळीच पाठवू नये. अल्पवयीन मुलाचे असे चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार गुन्हा आहे.

फोटो पसरण्याची भीती असल्यास ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा उपयोगी पडते. फोटो मुलाच्याच फोनवर राहतो, त्यावरून तयार झालेला एक सांकेतिक क्रमांक तेवढा इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो तेथे आढळल्यास त्यांना तो हटवता येतो. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये गेलेला फोटो मात्र यातून सापडत नाही.

पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला ओळख क्रमांक, हाताशी ठेवावा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे. पोलिसांत गेल्यास बदनामी होईल, या धास्तीने अनेक घरे मागे हटतात. पण लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. त्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावयाचा असतो, तसेच मुलाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करण्यास मनाई आहे. पोलीस ठाण्यात पाऊल ठेवण्यापूर्वी हे मुलालाही समजावून सांगावे.

त्या रात्री मुलाला एकटे झोपू देऊ नये. "तू असे केलेसच कसे?" हा प्रश्न काही दिवस तरी बाजूला ठेवावा. मूल जेवत नसेल, गप्प गप्प राहत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा बोलत असेल, तर त्याच्याजवळ बसूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन लावावा. ही सेवा मोफत असून रात्री-अपरात्रीही चालू असते.