मृगाआधी बंदुकीच्या दस्त्याला तेल द्या

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. नळीला तेल लावायला सहसा कुणी विसरत नाही. लाकडी दस्त्याकडे मात्र तो चिरल्यावरच लक्ष जातं. भात पोटरीत आल्यावर डुकरं उतरू लागतात आणि तेव्हाच कळतं की दस्ता फुगलाय, खटका अडकतोय. हे काम मे महिन्यातच उरका. एकदा मृग लागला की लाकडावरचं तेल सुकत नाही, चिकट राहतं.

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) असेल तर नळीत गज घालून तो तळापर्यंत जातो का तपासा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका.

मग दस्ता उलटा करून टाचेची, म्हणजे खांद्याला टेकते त्या टोकाची, पट्टी बघा. पाणी शिरतं ते इथूनच. लाकूड इथे आडवं कापलेलं असतं, रेषांची तोंडं उघडी असतात आणि पट्टीखाली बहुधा पॉलिशचा हातच फिरलेला नसतो. त्यातून बंदूक शेणाच्या किंवा मातीच्या जमिनीवर टेकवून ठेवली की पावसाळाभर ओल वर चढते. पट्टीचे स्क्रू काढा. खालचं लाकूड काळं पडलं असेल तर सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलंत तर तडा जाणारच. सुकलं की डबल बॉइल्ड (लवकर सुकावं म्हणून प्रक्रिया केलेलं) जवस तेल फडक्याने चोळा, थोड्या वेळाने वर राहिलेलं पुसून घ्या आणि एक दिवस थांबून पुन्हा द्या. हात पातळच हवा. उघड्या तोंडांना दोन-तीन हात जास्त लागतात, बाकी दस्त्याला कमी चालतात.

घरात खोबरेल असतं म्हणून तेच लावायची आपल्याकडे सवय आहे. खोबरेल सुकून थर धरत नाही, धूळ ओढून घेतं.

जवस तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. बाहेर मोकळे पसरून सुकवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पावसात भिजून आलात तर आधी कोरड्या फडक्याने पुसा. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत बंद करून ठेवू नका, खोळ ओल धरते. ठासणीची नळी गरम पाण्याने धुताना दस्ता सोडवता येत असेल तर सोडवून बाजूला ठेवा. नळीचं जादा तेल लाकडात उतरलं की जोडाजवळचा भाग मऊ पडतो, म्हणून तेल दिल्यावर बंदूक काही तास तोंड खाली करून फळीवर ठेवा. अर्थात कुलपातच.

निवडणुकीच्या काळात पोलिसांकडे जमा केलेली बंदूक परत घेताना मुठीपाशी नीट बघा. तिथे बारीक चीर दिसली तर बार काढू नका. गोंद लावून घरी जोडण्याच्या भानगडीतही पडू नका, परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या.