आपला हिरो आपल्याच बुडत्या क्लबचा मॅनेजर झाला तर वाद कसा घालायचा

जून-जुलैत आमच्याकडे मालवणात बोटी वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, बाहेर पाऊस धो धो, हाताला काम नाही, आणि नेमके त्याच दिवसांत तिकडे युरोपातले फुटबॉल क्लब जुना मॅनेजर काढून नवा आणत असतात. त्यामुळे मॅनेजरवरची भांडणं आमच्याकडे पावसाळ्यात जोरात, आणि येणारा जर क्लबचाच जुना हिरो असेल तर विचारूच नका, सख्खे भाऊ टपरीवर वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

मी चेल्सीवाला, म्हणजे लंडनच्या चेल्सी क्लबचा. जुलै २०१९ मध्ये तिथला जुना हिरो फ्रँक लॅम्पार्ड मॅनेजर झाला तेव्हा मी टपरीवर अक्षरशः नाचलो होतो. मँचेस्टर युनायटेडवाल्या आतेभावाने एवढंच विचारलं, "पण त्याने आजवर टीम सांभाळलीय किती?" मी त्याच्यावर असा काही चढलो की जानेवारी २०२१ मध्ये क्लबने लॅम्पार्डला काढलं तेव्हा त्याला फोन करायला मला आठवडा लागला. त्याचा प्रश्न बरोबर होता. तुमच्या क्लबवर आज ही वेळ आली असेल तर मी जिथे चुकलो तिथे तुम्ही चुकू नका म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम म्हणजे त्याचे गोल मोजणं थांबवा. लॅम्पार्डचे चेल्सीसाठी २११ गोल, अ‍ॅलन शिअररचे न्यूकॅसलसाठी २०६, हे आकडे मलाही झोपेत पाठ आहेत. पण वाद मॅनेजरचा चालू असताना कोणी गोल काढले की तो वाद तिथेच मेला समजा, कारण गोलांपुढे कोणी काय बोलणार? आमच्या शेजारचे तांडेल काका फुटबॉल बघत नाहीत, पण आमची भांडणं ऐकून एकदा ओट्यावरूनच म्हणाले, "जाळा ओढणारो येगळो नि बोट खंय न्हेवची ह्या ठरवणारो येगळो." तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, काय काय करतो बघा. पाण्याचा रंग बघतो, वारा बघतो, डिझेल किती उरलंय, माघारी कधी फिरायचं, कुठल्या दोन खलाशांचं आपसात पटत नाही, परत आल्यावर वाटे कसे करायचे, हे सगळं त्याच्या डोक्यात. मॅनेजरचं काम हुबेहूब हेच आहे, आणि ह्यातलं एकही काम स्ट्रायकर म्हणून खेळताना करावं लागत नाही.

पण काका स्वतः आधी पंधरा वर्षं खलाशीच होते, तेव्हा "खेळाडू मॅनेजर होऊच शकत नाही" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. खरा प्रश्न आहे तो मधल्या वर्षांचा. खेळणं थांबवल्यापासून आजपर्यंत हा माणूस कुठे होता? युरोपात कोचिंगचं लायसन्स पायरीपायरीने मिळतं, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, त्यामुळे कागद बहुतेकांकडे असतो. तुम्ही बघायचं ते हे, की कुठली ज्युनियर टीम, कुठला छोटा क्लब त्याने स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळला का. ग्वार्डिओलाने मेन टीमच्या आधी बार्सिलोनाची बी टीम, म्हणजे दुसरी टीम, एक सीझन सांभाळली. झिदानने रिआल माद्रिदची दुसरी टीम सांभाळली आणि मग २०१६, २०१७, २०१८ अशा लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकल्या. शाबी आलोन्सो तर तीन वर्षं रिआल सोसिएदादच्या बी टीमवर होता, ती टीम वरच्या डिव्हिजनमध्ये नेली आणि पुढच्याच वर्षी ती परत खालीही आली, तेही त्याने सोसलं, मग ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतला लेव्हरकुसेन क्लब शेवटून दुसऱ्या नंबरवर असताना तिथे गेला आणि २०२३-२४ ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, एकही मॅच न हरता जिंकला.

आता उलटं बघा. पिर्लोला त्याच्या जुन्या क्लबने, इटलीतल्या युव्हेंटसने, २३ वर्षांखालच्या टीमवर नेमलं आणि दहा दिवसांच्या आत, एकही मॅच झालेली नसताना, थेट मेन टीमवर बसवलं. ओळीने नऊ वर्षं लीग जिंकणारा क्लब चौथा आला, कोपा इटालिया हा इटलीचा कप जिंकूनही पिर्लोची नोकरी गेली.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर खालिद जमील घ्या. मुंबई एफसीकडून खेळला, २००९ मध्ये खेळणं थांबवून त्याच टीमचा कोच झाला, पैशाने लहान असलेली ती टीम सात वर्षं सांभाळली, आणि मग २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही देशाची लीग जिंकून दिली. २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला. मधली वर्षं म्हणतात ती ही.

यानंतर क्लबची हालत बघा, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण बहुतेक वाद इथेच आंधळे होतात. एप्रिल २००९ मध्ये शिअरर न्यूकॅसलवर आला तेव्हा टीम अठराव्या नंबरवर, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं जायच्या जागेवर, मॅचेस उरलेल्या फक्त ८. सगळं शहर रस्त्यावर, देव आला म्हणून. वही काढा आणि भागाकार करा. त्याच्या आधी ३० मॅचमध्ये २९ पॉइंट, म्हणजे मॅचला जवळपास एक. त्याच्या ८ मॅचमध्ये एक विजय (३ पॉइंट), दोन ड्रॉ (१-१), मिळून ५ पॉइंट, म्हणजे मॅचला ०.६३. टीम ३४ पॉइंटवर खाली गेली, हल सिटी ३५ वर वाचली. एका पॉइंटचा फरक! ह्यात शिअररला शिव्या घालायचं काही कारण नाही, आठ मॅचमध्ये टीमची घडी बसवणं कुणालाही अवघड होतं. पण नुसत्या प्रेमाने पॉइंट वाढत नाहीत हे त्या भागाकारात स्वच्छ दिसतं. पुढच्या सीझनला त्याच क्लबला १०२ पॉइंटने परत वर आणलं ते ख्रिस ह्यूटनने, जो आधी तिथे असिस्टंट होता आणि ज्याच्या नावाने कोणी रस्त्यावर उतरलं नव्हतं.

म्हणून सोबत कोण येतंय हेही विचारा. असिस्टंट कोण, खेळाडू विकत कोण घेणार, पैसे आहेत का. लॅम्पार्ड आला त्या वर्षी चेल्सीवर खेळाडू घ्यायला बंदी होती आणि टीमचा सगळ्यात भारी खेळाडू हझार्ड रिआलला गेलेला, तरी माऊंट, अब्राहम, रीस जेम्स अशी पोरं घेऊन त्याने चौथा नंबर आणला. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

आता उधाणाबद्दल. जुना हिरो आला की पहिले काही आठवडे उधाण येतं, प्रेक्षक जागे होतात, खेळाडू जास्त पळतात, हे खोटं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये युनायटेडचा जुना हिरो सोल्शार युनायटेडवर तात्पुरता आला आणि पहिल्या आठही मॅच जिंकला. तेव्हा आतेभाऊ मला रात्री दोन वाजता मेसेज करायचा, आत्ताच्या आत्ता पक्कं करा म्हणून. १९ पैकी १४ मॅच जिंकल्यावर क्लबने पक्कं केलंही, तरी सीझन संपताना टीम सहावी होती, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यालाही काढलं. म्हणजे मला नीट प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच्या हिरोच्या वेळी तिथेच फसला. उधाणाच्या पाण्यावर कोणी खोली मोजत नाही, ओहोटीपर्यंत थांबा.

ह्यावर आम्ही काढलेला उपाय एकदम साधा आहे आणि तो कराच. नवा मॅनेजर जाहीर झाला की पहिल्या मॅचच्या आधी प्रत्येकाने एका कागदावर चार ओळी लिहायच्या. आज टीम कितव्या नंबरवर, मॅचला किती पॉइंट पडतायत, १० मॅचनंतर किती पडायला हवेत, ३० मॅचनंतर किती. खाली सही आणि तारीख. आमचे कागद टपरीवाल्या अण्णांच्या बिस्किटाच्या बरणीत असतात, दमट हवेने शाई पसरते म्हणून आता पेन्सिलने लिहितो आणि वर प्लास्टिकची पिशवी. दहाव्या मॅचला नुसतं बघायचं, निकाल तिसाव्या मॅचला. टीम खाली जायच्या काठावर असेल आणि तीस मॅच उरल्याच नसतील तर तेही कागदावर लिहा, म्हणजे नंतर "वेळच दिला नाही" आणि "वेळ वाया घालवला" अशी दोन्ही तोंडं वाजत नाहीत. माझ्या २०१९ च्या कागदावर काय असतं मला माहितेय, नुसतं लॅम्पार्डचं नाव लिहून बदाम काढला असता.

बोलायचं कसं हेही सांगतो. मोठी माणसं असतील, ज्यांनी त्याला खेळताना वर्षानुवर्षं बघितलंय, त्यांच्याशी "तुमचा तो" अशी सुरुवात करू नका, "आपला" म्हणा, अर्धं भांडण तिथेच निवळतं. खेळाडू म्हणून त्याला वाईट बोलायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आणि समोरच्याचा हिरो हरला तर त्या रात्री मेसेज करू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाला बोलवा.

एप्रिल २०२३ मध्ये लॅम्पार्ड परत आला होता, तात्पुरता, ११ मॅच आणि विजय फक्त एक, चेल्सी बारावी आली. त्या महिन्यात आतेभावाने मला एकदाही टोचलं नाही. नंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये लॅम्पार्ड कोव्हेंट्री क्लबला गेला, टीम इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सतराव्या नंबरवर होती, सीझन संपला तेव्हा पाचवी. तो स्कोअर दर आठवड्याला मला पाठवायचा आतेभाऊच.

माझी ८ नंबरची जर्सी अजून कपाटात आहे, पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून आई त्यात कापूर ठेवते.